पहिल्यांदाच मुख्य शास्त्रज्ञ म्हणून निघताना

चि. मुख्य शास्त्रज्ञबाईंना आशीर्वाद,

‘सिंधू साधना’ या संशोधन जहाजावर वेळ मिळाली, छान झालं. आता प्रस्ताव बाजूला ठेव आणि तास मोजायला बस.

एकमेकांपासून ६० सागरी मैलांच्या अंतरावर १२ स्टेशनं, म्हणजे थांबून नमुने घ्यायच्या जागा, धरली, तर १० नॉट (तासाला १० सागरी मैल) वेगाने नुसत्या प्रवासातच ६६ तास जातात. गोव्यातल्या मुरगाव बंदरातून जाणं-येणं वेगळं. सीटीडी, म्हणजे पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, २००० मीटरपर्यंत न्यायचं तर पहिले १०० मीटर सेकंदाला अर्धा मीटर सोडायचं, पुढे सेकंदाला १ मीटर. म्हणजे उतरायला ३५ मिनिटं, चढायला तेवढीच, शिवाय वर येताना २४ बाटल्या बंद करायच्या, प्रत्येकीपाशी मिनिटभर थांबून. रोझेट, म्हणजे या बाटल्यांची गोल चौकट, सोडणं-बांधणं धरून एका स्टेशनला २ तास. एकूण बेरजेवर आणखी पाचवा हिस्सा वाऱ्यापावसासाठी ठेव. वेळ कमी पडली तर कोणतं स्टेशन आधी गाळायचं, ती यादी निघण्यापूर्वीच कप्तानांना दे. समुद्र खवळला की काम थांबवायचं की नाही हे तेच ठरवतात, तिथे हुज्जत घालू नकोस.

स्टेशनवर वारा रोझेटच्या बाजूने घ्यायला सांग, म्हणजे जहाज केबलपासून दूर सरकतं, केबल जहाजाच्या तळाखाली जात नाही. लाटेच्या हेलकाव्यात पृष्ठभागापाशी केबल ढिली पडली की पीळ बसतो. मग ती कापून नव्याने जोडणी करण्यात अर्धा दिवस गेलाच समज.

पण नमुने खरे बिघडतात ते रोझेट डेकवर आल्यावर, कारण सगळे एकदम धावतात. एकीला फक्त वही देऊन उभी कर. तिने बाटलीचा नंबर पुकारल्याशिवाय कुणी तोटीला हात लावायचा नाही. आधी गळती बघा: वरचा हवेचा स्क्रू बंद ठेवून खालची तोटी उघडायची. पाणी वाहत राहिलं तर बाटली गळकी. ओ-रिंगमध्ये (झाकणाच्या रबरी कड्यात) कचरा असतो, नाहीतर झाकणात दोरी अडकलेली. नंबर लिहा, मगच पुढे.

नमुने काढताना सर्वांत आधी ऑक्सिजनचा, मग पीएच आणि कार्बन, नंतर पोषकद्रव्यं, क्षारता. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन इतका कमी, की एक बुडबुडा सगळं खोटं ठरवतो. नळी चिमटून आतले बुडबुडे काढायचे, ती काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायची, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहू द्यायचं. मग ऑक्सिजन पकडून ठेवणारी रसायनं, मँगनीज क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड, पाण्याच्या पातळीखाली सोडून बूच लावून हलवायचं. ३०० मीटरचा साका जवळजवळ पांढरा दिसायला हवा. तपकिरी झाक आली तर हवा शिरली, नमुना पुन्हा घ्या.

नोंदी यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेत) ठेव. आपल्या भारतीय घड्याळात पहाटेचे ३ वाजले असतील तेव्हा यूटीसीत आदलीच तारीख चालू असते. निम्मे लोक ही गोष्ट विसरतात आणि मग बाटल्यांचं आणि सीटीडीच्या फाइलचं जमतच नाही.

ता. क. उलटीची गोळी, डॉक्टरांना विचारून, बंदर सुटण्याच्या तासभर आधी घे. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.