घरी शिकणाऱ्या १४ वर्षांच्या मुलीसाठी आपापल्या गतीने चालणारा गणिताचा अभ्यासक्रम कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: म्हापशाला राहता, मुलगी १४ वर्षांची, सातवीनंतर तिला शाळेतून काढलं, भाषा आणि विज्ञान तिचं तिचं चाललंय, पण गणिताची वही महिनोन्महिने कोरी. नेटवर दहा-बारा अभ्यासक्रम सापडले, प्रत्येकावर 'आपापल्या गतीने' असं लिहिलेलं. पैसे एकदाच घालायचे तर कुठे घालावेत?

एकदाच घालायचे असतील तर आज कुठेच घालू नका. आधी महिनाभर फुकटात काढा.

आम्ही फोंड्याजवळ राहतो, छोटं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे. थोरला आणि धाकटी दोघंही घरीच शिकली. थोरला आता कॉलेजात आहे, धाकटीने दहावीचं गणित गेल्या वर्षी उरकलं. मी स्वतः बीकॉम. त्यानंतर गणिताशी संबंध आला तो सुपारीच्या हिशेबापुरता. म्हणजे तज्ज्ञ वगैरे नाही, एकदा हात पोळून घेतलेली आई आहे.

पोळला तो असा. थोरल्यासाठी एका ॲपची वर्षभराची वर्गणी भरली होती. नाव घेत नाही, दिसायला देखणं होतं. व्हिडिओ बघ, प्रश्न सोडव, हिरवी खूण मिळव, पुढे जा. पोरगा सुसाट सुटला. सात महिन्यांत नववी संपवून दहावीत, सगळीकडे नव्वदच्या वर. मी नातेवाइकांत सांगत सुटले. मग जूनमधल्या एका दुपारी गडगडाट झाला, वीज गेली, वायफाय गेलं, म्हणून मी सहज एका कागदावर लिहून दिलं: ६क्ष² − क्ष − २ चे अवयव पाड. (एक्सला मी क्षच म्हणते, सवय.) पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी म्हणतो, "आई, ऑप्शन दे ना."

खोदून विचारलं तेव्हा त्याने आपली युक्ती दाखवली. समजा प्रश्न आहे क्ष² − ५क्ष + ६. हा काय करायचा, क्षच्या जागी १ घालायचा. १ वजा ५ अधिक ६, उत्तर २. मग चारही पर्यायांत १ घालून बघायचा. (क्ष + २)(क्ष + ३) मध्ये येतात १२, (क्ष − १)(क्ष − ६) मध्ये शून्य, (क्ष − २)(क्ष − ३) मध्ये २. झालं, लाव टिचकी. हुशारीच म्हणायची, मला तर आतून थोडं कौतुकही वाटलं. पण माझ्या प्रश्नात मधलं पद −४क्ष आणि +३क्ष असं फोडायचं, मग दोन-दोन पदांतून सामाईक काढायचं, हे त्याने जन्मात केलं नव्हतं. केलं नव्हतं कारण कुणी मागितलंच नव्हतं. उत्तर चुकलं की ॲप लगेच हिंट द्यायचं, हिंटनंतर तोच प्रश्न आकडे बदलून यायचा, आणि खूण हिरवी.

तेव्हापासून कुठलाही अभ्यासक्रम समोर आला की मी एवढंच बघते, मुलाचं उत्तर चुकलं की पुढे काय होतं. व्हिडिओ किती, शिक्षक कुठल्या आयआयटीचा, हे सगळं नंतर.

या नजरेने नावं बघू. खान अकॅडमी फुकट आहे, एनसीईआरटीच्या इयत्तांप्रमाणे लावलेली आहे, समजावून सांगणं उत्तम. पण तिथेही शेवटचं उत्तर तपासलं जातं, पायऱ्या नाही. म्हणून ती शिकवण्यासाठी घ्या, तपासणीसाठी नको. एक गोष्ट मात्र फार उपयोगाची, प्रत्येक कोर्सच्या शेवटी 'कोर्स चॅलेंज' असतं, ३० प्रश्नांचं. ते कोर्सच्या सुरुवातीलाच द्यायला लावा, कुठे भोक पडलंय ते तासाभरात दिसतं.

सॅक्सन हे अमेरिकेतल्या घरी शिकणाऱ्यांचं जुनं पुस्तक. रोज छोटासा नवा भाग आणि मग तीसेक उदाहरणं, त्यातली बरीचशी मागच्या धड्यांवरची. चूक केली तर तोच प्रकार दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने पुन्हा समोर उभा. विसराळू मुलाला याहून चांगलं औषध नाही. पण थोरल्यासारख्या मुलाला चौथ्याच दिवशी जांभया यायला लागतात. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचं याच्या अगदी उलट. तिथे आधी प्रश्न पुढ्यात टाकतात, झगड म्हणतात, उकल नंतर. त्यांचं अल्क्युमस नावाचं ऑनलाइन सरावाचं साधन फुकट आहे, थोरला अजून त्याच्यावर असतो. पण गणिताला घाबरलेल्या मुलीच्या हातात ते पहिल्याच दिवशी देऊ नका, उरलासुरला धीरही जाईल.

आणि अमेरिकन अभ्यासक्रमांची एक मेख तिथे कुणी सांगत नाही, कारण त्यांना ती मेख वाटतच नाही. त्यांच्याकडे एक वर्ष बीजगणित, मग एक वर्ष भूमिती, मग पुन्हा बीजगणित, अशी साधारण रीत. आपल्याकडे दरवर्षी सगळं थोडं थोडं. तुमच्या मुलीने वर्षभर त्यांचं अल्जिब्रा वन झकास केलं आणि मग इथली दहावी द्यायची म्हटलं तर समरूप त्रिकोण, वर्तुळ आणि त्रिकोणमिती कोरीच राहिलेली असणार. शिवाय फूट, इंच, गॅलन आणि डॉलर आहेतच.

म्हणून परीक्षेचं आधी ठरवा. अभ्यास तिच्या गतीने चालेल, परीक्षेची तारीख नाही. आम्ही एनआयओएस घेतलं, ओपन स्कूल म्हणतात ते. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमची मुलगी बसते. एकदा नाव घातलं की ते ५ वर्षं चालतं आणि सार्वजनिक परीक्षेच्या ९ संधी मिळतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा. विषय एकेक करून देता येतात. धाकटीने भाषा आधी दिल्या आणि गणित सगळ्यात शेवटी, तिच्या भीतीला तेवढी जागा मिळाली.

पण इथेही एक खाच आहे. एनसीईआरटीची दहावी झाली म्हणजे एनआयओएसचं गणित झालं असं नाही. त्यांच्या पुस्तकाचे सहा भाग आहेत आणि त्यातला एक अख्खा भाग व्यापारी गणिताचा: शेकडेवारी, नफा-तोटा, हप्त्याने खरेदी. एनसीईआरटीच्या दहावीत हे नाही. एनआयओएसची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि मुळात एकट्याने शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेली आहेत, पाठात मधे मधे 'तुझं किती झालं तपास' असे प्रश्न आणि शेवटी उत्तरं. भाषा कोरडी आहे, ते गृहीत धरा. कोणते पाठ लेखी परीक्षेला आणि कोणते टीएमएला, म्हणजे घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायाला, ही विभागणीही तिथे दिलेली असते. ती छापून भिंतीला लावा.

आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची दहावीच्या तोडीची परीक्षा, करायचं असेल तर गणिताचा ०५८० हा विषय बघा, कोअर आणि एक्स्टेंडेड असे त्याचे दोन स्तर. २०२५ पासून त्यात एक पेपर कॅल्क्युलेटरविना असतो, तेव्हा हाताने गुणाकार-भागाकार येणं आलंच. खासगी उमेदवार घेणारं केंद्र तुम्हालाच शोधावं लागेल आणि ते अभ्यासक्रम विकत घेण्याच्या आधी शोधा.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. वही बघणारं माणूस. आपापल्या गतीने म्हणजे एकट्याने नव्हे, हे आम्हाला ॲपनंतर कळलं. आमच्या वाड्यावर एक निवृत्त मास्तर आहेत, मराठी शाळेत आयुष्य गेलं. त्यांना विचारलं, शिकवणी नको, आठवड्यातून एकदा फक्त वही बघाल का? शनिवारी संध्याकाळी पोरं जायची. मास्तरांचा पहिला नियम, "बरोबर आलेलं मला दाखवायचं नाही." चुकलेलं उदाहरणच उघडायचं, आणि चूक कुठल्या ओळीत झाली ते आधी पोराने स्वतः बोट ठेवून दाखवायचं. ते लाल पेन हातात धरतच नसत. ज्या पानावर चूक सापडायची त्या पानाचा कोपरा दुमडायचा, आणि पुढच्या शनिवारी तसलंच दुसरं उदाहरण न बघता सुटलं की कोपरा उलगडायचा. धाकटीची वही पहिल्या महिन्यात इतकी दुमडलेली होती की मिटायची नाही.

त्या दुमडलेल्या कोपऱ्यांतून कळलं की तिची अडचण नववीची नव्हतीच. पाचवी-सहावीतले अपूर्णांक. १/२ अधिक १/३ बरोबर २/५ लिहिणारी मुलगी पुढे बैजिक राशींत जाऊन वेगळं काय करणार? तिला तिचं वय विसरून सहावीच्या पुस्तकावर बसवलं. पुस्तक कुठलं, तर बालभारतीचं, महाराष्ट्राचं. इंटरनेटवरून फुकट उतरवता येतं. तुमची मुलगी इंग्रजी माध्यमातली असली तरी घरात मराठी बोलत असाल तर एकदा बघाच. 'छेदाचा लसावि' हे शब्द आजी-आजोबांनाही कळतात, त्यामुळे घरात चार माणसं मदतीला येतात. नववी-दहावीला त्याचे दोन भाग आहेत, पहिला बीजगणिताचा, दुसरा भूमितीचा. छोटे छोटे सरावसंच आणि प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह. दहावीच्या पहिल्या भागात अर्थनियोजन नावाचं प्रकरण आहे, त्यात जीएसटी येतो. ते धाकटीने आमच्या खताच्या दुकानाची बिलं समोर ठेवून केलं. सहावी ते आठवीचं राहिलेलं भरून काढायला तिला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मी दर रविवारी रडकुंडीला यायचे, ती नाही.

गतीवरून एक आठवलं. चतुर्थीला आमच्याकडे आठ-दहा दिवस कुणी पुस्तकाला हात लावत नाही, माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची मांडणी) बांधण्यापासून विसर्जनापर्यंत घर माणसांनी भरलेलं. पूर्वीच्या त्या ॲपवर दिवस चुकला की साखळी तुटायची, थोरला भजन सोडून फोन घेऊन कोपऱ्यात जायचा. छापील पुस्तक रुसत नाही. आणि कधी कधी पोर अभ्यासक्रमाच्या बाहेर हिंडायला जातं, त्यालाही जागा हवी. माझं माहेर चोडणचं. फेरीबोटीची वाट बघताना धाकटीने एकदा विचारलं, रोज भरती वेगळ्या वेळी का? मग मामाकडे राहिली तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळा आणि उंची आलेख कागदावर मांडत बसली. दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटं, ते तिला आधी सापडलं. मग दिसलं की दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्याही नसतात, एक मोठी, एक लहान. आलेखात उमटलेला तो लाटेसारखा साइनचा वक्र दहावीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. तीन आठवडे त्याच्यावर गेले, टीएमए उशिरा भरली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

तर तुमच्यासाठी. सोमवारी तिला सहावी, सातवी, आठवीची पुस्तकं द्या, एनसीईआरटी नाहीतर बालभारती, घरात जी भाषा चालते ती. प्रत्येक प्रकरणातली शेवटची चार उदाहरणं कागदावर, पायऱ्यांसकट, वेळेचं बंधन नाही, तुम्ही शेजारी बसायचं पण बोलायचं नाही. जिथे दोनाहून जास्त चुकली तिथून सुरुवात. समजलं नाही तर खान अकॅडमीचा तेवढाच व्हिडिओ. दरम्यान वही बघणारं माणूस शोधा. म्हापशात निवृत्त शिक्षकांना तोटा नाही, आणि 'शिकवणी नको, फक्त चुका बघा' म्हटलं की बरेच जण आनंदाने तयार होतात. नाहीच मिळालं कुणी तर तुम्ही बघा. उत्तरं बहुतेक पुस्तकांच्या मागे असतात, चुकीची ओळ तिनेच शोधायची आहे.

हे सगळं महिनाभर चाललं आणि तरीही एखादा विकतचा अभ्यासक्रम हवासा वाटला, तर त्याचा एक नमुना धडा मागून घ्या, मुलीला मुद्दाम तीन उत्तरं चुकीची लिहायला सांगा आणि तो पुढे काय करतो ते बघा. पैसे महिन्याचे भरा, वर्षाचे नको. आमच्या त्या वर्गणीचे पाच महिने तसेच वाया गेले, परत मागितले तर मेलला उत्तरसुद्धा आलं नाही.