मुदत उलटलेली निविदा: हरकत कुठे घ्यायची?

प्रश्न : मॅडम, आमची लहान बांधकाम फर्म आहे. एका सरकारी वसाहतीतल्या इमारतींच्या दुरुस्तीची निविदा आम्ही भरली होती. वैधता, म्हणजे दर बांधून ठेवायची मुदत, १२० दिवसांची. दर उघडले तेव्हा कमी दरात आम्ही दुसऱ्या क्रमांकावर होतो. मग आचारसंहिता लागली, फाइल अडकली. वैधता वाढवून द्या असं पत्र मुदत संपण्याआधी सगळ्यांना आलं आणि आम्ही लगेच होकार कळवला. पहिल्या क्रमांकाच्या कंत्राटदाराने मात्र मुदत संपल्यावर तीन आठवड्यांनी होकार दिला, असं कळतं. आता काम त्यालाच द्यायचं चाललंय. त्याची निविदा तर संपली होती. मग काम आमचंच ना? हायकोर्टात जावं का?
— एक कंत्राटदार, भांडुप

उत्तर : त्याची निविदा संपली होती, इथपर्यंत कायदा तुमच्या बाजूचा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६ प्रमाणे प्रस्तावातच स्वीकाराची मुदत दिलेली असेल आणि ती उलटली, तर प्रस्ताव आपोआप रद्द होतो. १२१व्या दिवशी कार्यालयाने स्वीकृतीपत्र पाठवलं असतं आणि तो ‘आता परवडत नाही’ म्हणाला असता, तर त्याला कोणी बांधून ठेवू शकलं नसतं.

पण ‘म्हणून काम आमचं’ हे त्यातून निघत नाही. निविदा शाखेत नोकरी करताना दुसऱ्या क्रमांकाचे कितीतरी अर्ज मी वाचले. बहुतेकांत तारखेखाली लाल रेघ मारलेली असायची आणि पुढे काहीच नसायचं. तेवढ्यावर हरकत टिकत नाही. जुन्याच दराने काम करायला मी तयार आहे, असं पहिल्या क्रमांकाचा कंत्राटदार मागाहून लिहून देतो तेव्हा तो नवा प्रस्ताव होतो. कार्यालयाने तो घ्यावा का, हा प्रश्न मग संविधानाच्या अनुच्छेद १४ चा, म्हणजे सगळ्यांना सारखं वागवलं का याचा होतो.

तुमचं खरं म्हणणं त्या तीन आठवड्यांत आहे, आणि ते तुम्ही पत्रात मांडलेलंच नाही. त्या काळात तुमची बयाणा रक्कम अडकलेली होती, दर बांधलेले होते, सळईचा भाव वर गेला असता तरी तुम्हाला मागे फिरता आलं नसतं. तो मोकळा होता. बाजार बघायचा, हातातली दुसरी कामं बघायची, जमलं तर हो म्हणायचं, नाही तर गप्प बसायचं. ही मोकळीक एकालाच मिळाली असेल तर तो पक्षपात आहे, आणि तो मला मनापासून चुकीचा वाटतो. वेळेत उत्तर देणाऱ्या माणसाचं त्यात नुकसान होतं.

म्हणून आधी कागद जमवा. वैधतावाढीचा पत्रव्यवहार बऱ्याचदा ई-निविदा पोर्टलच्या बाहेर, पत्राने किंवा ईमेलने होतो, त्यामुळे आवक क्रमांक आणि तारीख महत्त्वाची. त्याचा बयाणा बँक हमीचा असेल तर ती हमी मधल्या काळात चालू होती का? केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे बयाणा साधारणपणे अंतिम वैधतेनंतरही ४५ दिवस चालू राहायला हवा. तुमचं कार्यालय राज्याचं असेल तर हा नियम थेट लागू नाही, निविदेतलं कलम बघा. हमीही संपलेली असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचाही उशिरा आलेला होकार कार्यालयाने घेतला असेल, तर मात्र ‘एकालाच सवलत’ म्हणता येणार नाही. पहिल्या क्रमांकाच्याने दरात काडीचाही बदल केला असेल तर ते आधी लिहा.

कोर्ट काय बघतं? टाटा सेल्युलर (१९९४) आणि जगदीश मंडल (२००७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांपासून चौकट ठरलेली आहे. निर्णय मनमानी किंवा कोणाला तरी झुकतं माप देणारा आहे का, आणि सार्वजनिक हिताला बाधा येते का, एवढंच तपासलं जातं. पोद्दार स्टील (१९९१) मध्ये तर निविदेची अट मुख्य आहे की दुय्यम, असा भेद करून दुय्यम अटीत सूट देता येते असं म्हटलं आहे. समोरचा वकील हाच निकाल काढेल आणि वर म्हणेल, याचा दर कमी आहे, सरकारचे पैसे वाचतात. त्याला उत्तर तीन आठवड्यांच्या मोकळिकीचं. नुसती तारीख दाखवून भागणार नाही.

आणि वेळ घालवू नका. आपल्याच मुंबईतलं उदाहरण देते. सांताक्रूझ विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेवरून रमणा शेट्टी खटला झाला, निकाल १९७९ चा. प्राधिकरणाने स्वतः घातलेली पात्रतेची अट मोडणं बेकायदा, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. आजही प्रत्येक निविदा-वादात हा निकाल पुढे येतो. पण ज्याने याचिका केली त्याच्या पदरात काही पडलं नाही. तो पाच महिन्यांहून जास्त उशिरा आला होता, आणि तोवर दुसऱ्याने जागा घेऊन खर्चही केला होता. आता तर कोर्टं बांधकाम थांबवायला आणखी नाखूश असतात. एन. जी. प्रोजेक्ट्स (२०२२) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा कामांना शक्यतो स्थगिती देऊ नये, नुकसानभरपाईकडे बघावं. त्यामुळे कार्यादेश निघायच्या आत कार्यकारी अभियंत्याला लेखी हरकत द्या, प्रत अधीक्षक अभियंत्याला, दोन्हींवर पोच घ्या. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस लागू शकतात, त्यासाठी थांबू नका. हरकतीतच उशिराच्या होकाराचं पत्र दाखवण्याची मागणी करा. उत्तर आलं नाही किंवा टाळाटाळीचं आलं, तर वकिलाकडे जा. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कंत्राटांवरच्या अशा हरकती ऐकणारं, कोर्टाहून वेगळं कार्यालय आहे, तिथे हरकत साधारण १० दिवसांत द्यावी लागते आणि निकाल १०० दिवसांत लागतो. आपल्याकडे अशी सोय यावी असं मला फार वाटतं, कारण लहान कंत्राटदाराला हायकोर्टाचा खर्चच झेपत नाही.

प्रश्न : आमची निविदा पहिल्या क्रमांकावर आहे. वैधता संपायला आठवडा उरलाय. भाव वाढल्यामुळे मुदतवाढ द्यायची नाही. कार्यालयातले म्हणतात, नकार दिलात तर बयाणा जप्त होईल. खरं आहे का?
— एक वाचक, कुर्ला

उत्तर : निविदेच्या अटीत तसं काही वेगळं लिहिलं नसेल, तर नाही. मुदतवाढ ही विनंती असते. पण पत्र जपून लिहा. ‘आम्ही निविदा मागे घेतो’ असं चुकूनही लिहू नका. वैधता चालू असताना निविदा मागे घेतली तर बयाणा जप्त करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने गंगा एंटरप्रायझेस (२००३) मध्ये मान्य केलं आहे. तुम्ही लिहा: ‘आमची निविदा अमुक तारखेपर्यंत कायम आहे. त्यापुढे वैधता वाढवत नाही. मुदत संपल्यावर बयाणा परत करावा.’ त्या आठवड्यात स्वीकृतीपत्र आलंच तर काम करावं लागेल, ही तयारी ठेवा. ‘पाच टक्के वाढवून देत असाल तर मुदतवाढ देतो’ असंही लिहू नका. मुदतवाढ देताना दर बदलता येत नाही.

प्रश्न : वैधतेचे दिवस कुठून मोजायचे?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : निविदेत लिहिलं असेल तिथून. कुठे निविदा भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून असतं, कुठे उघडल्याच्या. ‘पासून’ म्हटलं की पहिला दिवस सहसा धरत नाहीत. शुद्धिपत्रक काढून शेवटची तारीख पुढे ढकलली असेल तर मोजणीही पुढे सरकते, म्हणून सगळी शुद्धिपत्रकं छापून फाइलला लावून ठेवा.