'बॅकेट' लिहिलेले प्रत्येक फळ मृदुफळ नसते

वनस्पतीच्या वर्णनात फळाला 'बॅकेट' (baccate) म्हटले असेल तर ते मृदुफळ (बेरी) धरायचे का, आणि जांभूळ मृदुफळ आहे तर बोर का नाही, असे तुम्ही विचारले आहे. दोन्हींचे उत्तर फळ कापल्यावरच मिळते.

लॅटिनमध्ये 'बॅका' म्हणजे बेरी. 'बॅकेट' हे विशेषण त्यावरूनच आले, पण ते फक्त रूप सांगते: मांसल, गरयुक्त, बेरीसारखे. 'मृदुफळ' हा शब्द रचना सांगतो. एका फुलातल्या एका किंजपुटापासून (बीजांडे धारण करणाऱ्या भागापासून) झालेले, पिकल्यावर फलावरण (फळाची भिंत) मऊ राहणारे, आत दगडी कवच नसलेले आणि सहसा आपोआप न तडकणारे फळ म्हणजे मृदुफळ. टॅक्सस बॅकाटा (यू नावाचे झाड) हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने १७५३ मध्ये दिले. त्या झाडावर लाल, रसाळ 'बेऱ्या' दिसतात, पण वनस्पती अनावृतबीज (उघड्या बियांची) असल्यामुळे तिला किंजपुट नाही, आणि म्हणून फळही नाही. तो लाल भाग म्हणजे बीभोवतीचे मांसल अध्यावरण, म्हणजे बीवरचे जादा आवरण. जायफळावरची जायपत्री याच प्रकारची. (टॅक्ससची बी विषारी असते, चाखू नका.)

आता बोर. गर काढून आठळी फोडा. आत दोन कप्पे आणि एक-दोन बिया मिळतात. म्हणजे ती आठळी बी नव्हे; फलावरणाचाच सर्वांत आतला थर, अंतःकवच, कठीण झाला आहे. असे फळ अश्मगर्भी, म्हणजे ड्रूप. आंब्याची कोयही तशीच. जांभळात बीभोवती असे कवच नाही. ताजी बी सुरीने सहज कापली जाते. एकच बी असली तरी ते मृदुफळच.

बहुतेक जण चुकतात ते खजुरावर. बी इतकी टणक असते की ड्रूपच वाटावे. पण ती काढताना भोवती पातळ, कागदासारखा पांढरट पापुद्रा लागतो ना, तेच अंतःकवच. टणक आहे ती स्वतः बी. म्हणून खजूर मृदुफळ. चिकूचेही तसेच: काळे चकचकीत कवच हे बीजावरण आहे, आणि बीच्या कडेचा लांबट पांढरा व्रण म्हणजे नाभी, बी फळाला जोडलेली होती ती जागा. टणक वस्तूवर नाभी दिसली की ती बी समजावी.

बियांची संख्या, गोडवा, आकार यांवरून ठरवू नका. ढोबळी मिरची आतून पोकळ असूनही मृदुफळ आहे. पेरूच्या टोकाला पुष्पकोश (फुलाची बाहेरची हिरवी पाने) राहतो, वांग्याच्या देठाशी. किंजपुट अधःस्थ (फुलाच्या इतर भागांखाली) की ऊर्ध्वस्थ (त्यांच्या वर) एवढाच तो फरक, दोन्ही मृदुफळेच. संत्र्याचे साल म्हणजे बाह्य आणि मध्यकवच, फोडींचा पापुद्रा अंतःकवच आणि रसाच्या पिशव्या त्याच अंतःकवचाचे केस. स्ट्रॉबेरीत मात्र मांसल भाग फुगलेल्या पुष्पासनाचा, म्हणजे फुलाचे भाग ज्यावर बसतात त्या देठाच्या टोकाचा. वरचे दाणे हीच खरी फळे. सीताफळ एकाच फुलातल्या अनेक सुट्या किंजदलांपासून (स्त्री-भागांपासून) होते, म्हणून ते मृदुफळांचा घोस. कारले सीमेवरचे: मांसल, पण पिकल्यावर तीन पाळ्यांनी उलगडणारे. अशा ठिकाणी नावावर भांडण्यापेक्षा 'मांसल, तीन पाळ्यांनी तडकणारे' असे सरळ लिहावे.

कापायला फळ पूर्ण वाढलेले, पण पिकायला नुकते लागलेले घ्या. फार कोवळ्यात आठळी कठीण झालेली नसते आणि ड्रूप मृदुफळ वाटते. एक आडवे कापा, एक उभे. सुरी अडली तर जोर न लावता आठळी वेगळी काढून फोडा. वाळवलेल्या नमुन्यावर निर्णय देऊ नये: गर आक्रसून बीला चिकटतो आणि आठळीसारखा टणक लागतो. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर ताज्या फळाचा रंग, व्यास, कप्पे, बियांची संख्या आणि टणक भाग बीचा की फलावरणाचा, एवढे जागेवरच लिहा.