एवढं उदास, मग यात पंक कुठाय?

प्रश्न: मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहतो, कॉलेजला आहे. मित्रानं इटलीतल्या बोलोन्याच्या हॉरर व्हॅक्यूई बँडचा २०१८चा ‘न्यू वेव्ह ऑफ फिअर’ अल्बम पाठवला, पावसात रोज तोच लावतोय. आई म्हणते घरात सुतक असल्यासारखं काय लावतोस. मित्र म्हणतो हे डेथ रॉक (भीती, मरण असल्या विषयांचं अंधारं पंक) आणि अनार्को-पंकच्या (सत्तेला नकार देणारं राजकीय पंक) घरातलं आहे, पण मला यात पंक, म्हणजे ते रागीट, आरडाओरड्याचं रॉक, काय दिसंना. नक्की काय ऐकायचं?

उत्तर: भावा, तू आरडाओरडा शोधतोयस म्हणून सापडंना. आधी इअरफोन लाव आणि फक्त बेस गिटार धर. असल्या गाण्यात चाल बेसच ओढत नेतो, वरची गिटार कोरस इफेक्टमुळं (एकच सूर दोन-तीन गिटारी वाजवल्यागत पसरतो) ओली होऊन नुसती झिरपत राहते. मग ड्रम ऐक, झांजा कमी आणि टॉमवर, म्हणजे ड्रममधल्या घुमणाऱ्या ढोलांवर, घाव जास्त, खासबागेत कुस्ती रंगात आल्यावर हलगीसोबत खालनं ते घुमकं वाजत असतंय बघ, छातीत बसणारं, तसं. मला तर पहिल्यांदा तेच आठवलं. सुतकात असं कोण वाजवतंय? हे नाचायचं संगीत आहे, फक्त अंधारात नाचायचं.

आता अनार्को. इंग्लंडच्या क्रास या अनार्को-पंक बँडनं १९७८ला ‘द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड’ ही रेकॉर्ड काढली, कमीत कमी ५००० प्रतीच छापून मिळत होत्या म्हणून हे नाव. पुढं ते कव्हरवरच ‘यापेक्षा जास्त पैसे देऊ नका’ असं छापायचे, आपले शाहीर स्वतःच गाण्याची पुस्तिका छापून जत्रेत चार-आठ आण्याला विकायचे त्यातलाच प्रकार. डेथ रॉक तिकडं लॉस एंजेलिसचा, आणि दोन्हीचा सांधा ऐकायचा असंल तर रुडिमेंटरी पेनी या इंग्लंडच्या बँडचा १९८३चा ‘डेथ चर्च’ अल्बम ऐकच, त्यात राग आणि स्मशान एकाच ताटात आहे.

आणि बोलोन्या म्हणशील तर १९७७ला पोरं रस्त्यावर उतरलेलं गाव, रिकाम्या इमारती ताब्यात घेऊन तिथंच कार्यक्रम करणारं. २ ऑगस्ट १९८०ला तिथल्या रेल्वे स्टेशनात बॉम्ब फुटला, ८५ माणसं गेली, तिथलं एक घड्याळ अजून १०:२५ वरच ठेवलंय. गाणी त्यावरच आहेत असं मी म्हणत नाही, पण असल्या गावातली पोरं भीतीवर गायला लागली की त्यात रडगाणं कमी आणि जाब विचारणं जास्त असणार, असं मला मनापासून वाटतं.

आईला एक इअरफोन दे आणि नुसता टॉमचा ठेका ऐकव.