तंबाखू-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची पोहोच भारतासारख्या देशांत कशी वाढवावी?

प्रश्न असा आहे: तंबाखू आणि निकोटिनवर संशोधन करणाऱ्यांची एक संस्था नावाने आंतरराष्ट्रीय आहे, पण सभासद बहुतेक अमेरिका-युरोपातले. गरीब देशांसाठी फी कमी केली, प्रवासखर्चासाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या, तरी भारत, बांगलादेश, केनिया इथले संशोधक एखादं वर्ष राहतात आणि गळतात. पोहोच वाढवायची तर नेमकं काय करायचं?

फी कमी हवीच. पण स्वस्त फीमुळे माणूस एकदा येतो. दुसऱ्या वर्षी पैसे भरायचे की नाही हे तो ज्या विषयावर काम करतो त्याला तिथे जागा आहे का, यावरून ठरवतो. म्हणून मी सभासदसंख्येपासून सुरुवात करणार नाही, विषयांपासून करेन. हे उत्तर मी भारताच्या, त्यातही महाराष्ट्राच्या अंगाने देतो, कारण अडचणी इथे स्पष्ट दिसतात.

या क्षेत्रातली सगळ्यांना माहीत असलेली संस्था म्हणजे ‘सोसायटी फॉर रिसर्च ऑन निकोटिन अँड टोबॅको’. ती १९९४ साली अमेरिकेत सुरू झाली, १९९९ पासून तिचं नियतकालिक निघतं, युरोपसाठी वेगळी शाखा आहे. तिच्या वार्षिक सभा उत्तर अमेरिकेबाहेर प्राग (२००५), डब्लिन (२००९), फ्लॉरेन्स (२०१७), एडिंबरा (२०२४) अशा शहरांत झाल्या. आता याच्या शेजारी तंबाखू वापरणारे लोक कुठे आहेत ते ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगातले सुमारे ८० टक्के तंबाखू वापरणारे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. भारताच्या २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते: २१.४ टक्के धूरविरहित, १०.७ टक्के ओढायची (काहीजण दोन्ही). ओढण्यातही, एकूण प्रौढांपैकी बिडी ओढणारे ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के. महाराष्ट्रात तर धूरविरहित २४.४ टक्के आणि ओढणारे जेमतेम ३.८ टक्के. आकडे जुने झाले आहेत, पण कल कळायला पुरेसे आहेत. अशा ठिकाणच्या संशोधकाला सभेचा कार्यक्रम उघडल्यावर सिगारेट, ई-सिगारेट आणि निकोटिन पाऊच (ओठाखाली ठेवायच्या निकोटिनच्या पुड्या) एवढंच दिसलं, आणि धूरविरहित तंबाखू शेवटच्या दिवसाच्या पोस्टर-दालनात सापडली, तर तो परत कशाला येईल?

विषयाला जागा द्यायची म्हणजे एखादं ‘जागतिक आरोग्य’ सत्र भरवायचं असं नव्हे. मोजमापाची साधनं दुरुस्त करावी लागतात, आणि हे काम एकट्या कॉलेजला झेपत नाही. संस्थेलाच करता येतं. तीन-चार उदाहरणं देतो.

निकोटिनची सवय किती घट्ट आहे ते मोजणारी फागरस्ट्रॉमची प्रश्नावली घ्या. सहा प्रश्न, शून्य ते दहा गुण. त्यातल्या सगळ्यात वजनदार प्रश्नांपैकी एक म्हणजे उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट ओढता. पाच मिनिटांच्या आत असेल तर तीन गुण. सिगारेटच्या जागी तंबाखू असा शब्द घालून हीच प्रश्नावली मशेरीला लावली की गडबड होते. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू, आणि ती दाताला लावतात. उठल्यावर दात घासायचे म्हणजे मशेरीच लावायची. त्यामुळे फारशी सवय नसलेल्या आणि पुरत्या अडकलेल्या, दोन्ही प्रकारच्या बायकांना तीनच गुण मिळतात आणि फरक पुसला जातो. इथे विचारायला हवं ते असं: दिवसातून किती वेळा लावता, जेवणानंतर लावता का, दुपारची चुकली तर डोकं दुखतं का, शौचाला होतं का. त्याआधी एक साधी गोष्ट: ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर मशेरी लावणारी बाई ‘नाही’ म्हणेल, आणि तिच्या मते ते खरंच असेल. प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन वेगळं विचारावं लागतं.

‘रोज किती?’ हा प्रश्नही तसाच. सिगारेटी मोजता येतात. चुना लावून मळलेल्या तंबाखूचं काय मोजणार? पुडी किती दिवस पुरते, तिच्यातून कितीजण घेतात, दिवसातून किती वेळा मळता, बार किती वेळ ठेवता, असे चार प्रश्न लागतात. चुन्याबद्दल पाचवा. निकोटिन आम्लात असतं तेव्हा तोंडाच्या अस्तरातून नीट शिरत नाही. साधारण ८ पीएचच्या वर गेलं की बरंचसं मुक्त रूपात येतं आणि पटकन रक्तात जातं. चुना नेमकं हेच करतो. एकाच पुडीतून दोघांनी सारखीच चिमूट घेतली तरी चुना जास्त लावणाऱ्याला निकोटिन जास्त मिळतं. हे न विचारता काढलेला डोस फसवा असतो.

सोडल्याची खात्री करायची पद्धतही बदलते. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र परदेशी प्रकल्पांत हटकून असतं. जळतं काहीच नसेल तर ते काय दाखवणार! लाळेतलं किंवा लघवीतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) मोजावं लागतं. त्याचं रक्तातलं प्रमाण साधारण १६ तासांत निम्मं होतं, म्हणजे गेल्या काही दिवसांचीच खात्री मिळते. सहा महिन्यांची नाही. शिवाय ती व्यक्ती निकोटिनचं च्युइंगम चघळत असेल तर कोटिनिन येणारच. तेव्हा अ‍ॅनाबॅसिन तपासावं लागतं, कारण ते तंबाखूत असतं आणि औषधी च्युइंगममध्ये नसतं. लाळ घेण्याआधी नीट चूळ भरून थोडं थांबायला सांगितलं नाही, तर तंबाखूचे कण आणि सुपारीचा रंग नमुन्यात उतरतो आणि प्रयोगशाळा नमुना परत पाठवते.

गुटख्याचं आणखी वेगळं. महाराष्ट्राने २०१२ साली अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी जोडी मिळायला लागली. गिऱ्हाईक ती तोंडात किंवा तळहातावर एकत्र करतं. ‘गुटखा खाता का?’ याला ‘नाही’ असं उत्तर आलं म्हणून बंदी यशस्वी झाली असं लिहिलं, तर निष्कर्ष चुकतो. हे बारकावे ज्यांना माहीत आहेत ते मुंबई, नवी मुंबई, नोएडा इथे वर्षानुवर्षं काम करताहेत. धूरविरहित तंबाखूचं जागतिक ज्ञानकेंद्र नोएडाच्या राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्थेत आहे. जागतिक तंबाखू परिषद २००९ साली मुंबईत भरली होती. तेव्हा ‘तिकडे क्षमता निर्माण करायची’ ही भाषा आधी सोडावी. क्षमता आहे, निर्णयाच्या टेबलाशी जागा नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: धूरविरहित तंबाखू आणि बिडी यांचा एक कामगट करा, अध्यक्ष भारतासारख्या देशातला ठेवा, आणि त्याला स्वतःचा छोटा खर्च मंजूर करा. काम एकच द्या: दीड वर्षात मोजमापाचा एक समाईक संच. प्रत्येक भाषेत भाषांतर, मग दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतर, मग आठ-दहा वापरणाऱ्यांसमोर प्रश्न वाचून त्यांना काय समजलं ते विचारायचं, आणि त्यानंतरच चाचणी. बहुतेक प्रकल्प उलट भाषांतरावर थांबतात आणि चुका तिसऱ्या पायरीवर सापडणार असतात. हा संच सगळ्यांसाठी मोफत ठेवा. तो वापरायला लोक येतील, आणि त्यातले बरेच सभासद होतील.

नियतकालिकातही दोन गोष्टी तपासा. भारतातल्या अभ्यासाच्या शीर्षकात देशाचं नाव घालायला लावतात आणि अमेरिकेतल्या अभ्यासाला ते विचारत नाहीत, असं होत असेल तर नियम सगळ्यांना एकच करा. आणि परीक्षकांच्या यादीत धूरविरहित तंबाखू जाणणारे किती आहेत ते मोजा. ‘याची सिगारेटशी तुलना का केली नाही?’ असा शेरा आला की लेखक पुढचा लेख दुसरीकडे पाठवतो. वाचायची सोय थोडी सुधारली आहे: २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेत सरकारी संस्थांना मोठ्या प्रकाशकांची नियतकालिकं मिळतात. पण तंबाखूवरचं बरंचसं काम स्वयंसेवी संस्था आणि न्यास करतात, आणि ते या योजनेबाहेर आहेत. मोफत वाचनाची सवलत द्यायची तर आधी त्यांना द्या.

आता कारभार. इथे गळती होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

सभासदत्वाचं नूतनीकरण कार्डावरून आपोआप होतं असं गृहीत धरू नका. २०२० नंतर निघालेल्या भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतात, ग्राहकाला ते स्वतः सुरू करावे लागतात. ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप वळते होणारे हप्ते बँकेकडे नोंदवल्याशिवाय चालत नाहीत, आणि परदेशी संकेतस्थळांचे हप्ते तिथेच अडकतात. तुमच्या यादीत तो माणूस ‘सोडून गेला’ असा दिसतो. प्रत्यक्षात त्याचं कार्ड नाकारलं गेलेलं असतं. उपाय सोपा आहे: तीन वर्षांची फी एकरकमी भरायची सोय, संस्थेच्या नावाने पावती (नाहीतर कॉलेज पैसे परत देत नाही), आणि पाच-दहा जणांची फी एकत्र घेणारं गट-सभासदत्व.

बैठकांच्या वेळा बघा. न्यूयॉर्कला दुपारचे तीन म्हणजे भारतात उन्हाळ्यात रात्रीचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. ग्रीनिचचे दुपारचे बारा धरले तर भारतात संध्याकाळचे साडेपाच, नैरोबीत तीन, मनिलात रात्रीचे आठ, न्यूयॉर्कला सकाळचे सात किंवा आठ. कॅलिफोर्नियाची मात्र पहाट होते. म्हणून वेळ आळीपाळीने बदला. जागरण नेहमी एकाच बाजूला पडू देऊ नका.

प्रवास-शिष्यवृत्ती ‘आधी खर्च करा, मग परतावा घ्या’ अशी असेल तर ती फक्त पैसेवाल्यांना मिळते. तिकीट संस्थेनेच काढावं. निवडीचं पत्र सभेच्या किमान पाच-सहा महिने आधी द्यावं, कारण व्हिसाची मुलाखत लवकर मिळत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या माणसासाठी आणखी एक पायरी असते: परदेशी संस्थेने राहण्याजेवण्याचा खर्च केला तर परदेशी योगदान नियमन कायद्याखाली (एफसीआरए) तो परदेशी पाहुणचार ठरतो आणि केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. पत्रात कोणता खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलं तर त्याचा अर्ज लवकर सुटतो. मोघम पत्र आलं की कार्यालयातून फाइल माघारी येते.

प्रकल्पासाठी पैसे पाठवायचे असतील तर ते सगळ्यात अवघड. घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थेची एफसीआरए नोंदणी चालू हवी, पैसे स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेला पुढे वाटता येत नाहीत. म्हणजे ‘एका मोठ्या संस्थेला द्या, ती गावोगावच्या लहान संस्थांना देईल’ ही रचना इथे चालत नाही. प्रत्येकीशी वेगळा करार करावा लागतो. व्यवस्थापनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. शिवाय परदेशी निधीच्या आरोग्य-संशोधनाला आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, आणि उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी. बारा महिन्यांचं अनुदान दिलंत तर त्यातले कित्येक महिने परवानग्यांत जातील. चोवीस महिन्यांचं द्या, आणि मुदत पहिल्या सहभागी व्यक्तीपासून मोजा. लाळेचे नमुने परदेशी पाठवण्याचा हट्टही धरू नका. कोटिनिनची तपासणी भारतात होते.

प्रादेशिक शाखा घाईने काढू नये असं माझं ठाम मत आहे. कागदोपत्री शाखा काढली की अध्यक्ष, सचिव, अहवाल, निवडणूक हे सगळं पाच-सात जणांच्या गळ्यात पडतं आणि मूळ काम थांबतं. आधी दोन वर्षं साधं जाळं चालवा. चाळीस-पन्नास माणसं सातत्याने हजर राहायला लागली की मग शाखा. पण कार्यकारी मंडळात त्या प्रदेशातून, त्या प्रदेशाने निवडलेली जागा पहिल्या दिवसापासून हवी, मताधिकारासकट.

एका धोक्याबद्दल आधीच नियम करून ठेवा. नव्या देशात कार्यक्रमाला पैसे द्यायला सगळ्यात आधी तयार असतो तो तंबाखू उद्योग, आणि तो नेहमी स्वतःच्या नावाने येत नाही. २०१७ साली स्थापन झालेल्या ‘फाउंडेशन फॉर अ स्मोक-फ्री वर्ल्ड’ला फिलिप मॉरिस इंटरनॅशनलचा पैसा होता, २०२४ मध्ये तिने नाव बदललं. भारतात ‘तंबाखू संशोधन’ म्हटलं की पिकाचं संशोधनही येतं: राजमहेंद्री इथली केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था (आता तिचं नाव बदललं आहे) १९४७ ची, आणि ती शेतीखात्याच्या बाजूची. तिथला कृषिशास्त्रज्ञ आणि कंपनीच्या पगारावरचा रसायनशास्त्रज्ञ यांना एकाच मापाने मोजू नका, पण दोघांकडूनही हितसंबंधांचं जाहीरपत्र भरून घ्या. गेल्या पाच वर्षांतला पगार, सल्लाशुल्क, अनुदान, प्रवास, शेअर; बिडी, गुटखा, पानमसाला, ई-सिगारेट, पाऊच अशा सगळ्या उद्योगांकडून, आणि त्यांच्या पैशावर चालणाऱ्या न्यासांकडूनही. अर्जात फक्त ‘सिगारेट कंपनी’ असं लिहिलंत तर पानमसालावाला प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहील. जागतिक तंबाखू नियंत्रण कराराचं कलम ५.३ सरकारी धोरणं उद्योगाच्या हितसंबंधांपासून जपायला सांगतं, आणि भारताने हा करार २००४ मध्येच मान्य केला आहे. त्यामुळे उद्योगाचा पैसा एकदा जरी शिरला तरी इथले सरकारी डॉक्टर तुमच्या व्यासपीठावर यायला कचरतील.

पैसा थोडाच असेल तर क्रम असा ठेवा: आधी पैसे भरण्याची आणि वेळांची दुरुस्ती, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही, मग जाहीरपत्र, मग कामगट. प्रवास-शिष्यवृत्त्या चौथ्या. दोन वर्षांनी सभासदांचा आकडा बघू नका. दुसऱ्यांदा फी कितीजणांनी भरली, त्या देशांतल्या अभ्यासांचा पहिला किंवा शेवटचा लेखक तिथलाच किती वेळा होता, आणि मुख्य सभागृहात त्यांना किती मिनिटं मिळाली, हे तीन आकडे काढा.