गावच्या गुड फ्रायडेला येशूचा सिनेमा लावताना

ईस्टरच्या सुट्टीत परदेशातून यवतमाळ, अमरावती किंवा चंद्रपूरकडच्या गावी येणाऱ्या कुटुंबांना हा प्रश्न हमखास पडतो. गुड फ्रायडेला रात्री घरात प्रभू येशूचा सिनेमा लागणार, तर मुलांना सोबत बसवायचं का? जरूर बसवा, पण तयारी आधीपासून करा.

गावातल्या वडीलधाऱ्यांसाठी हा सिनेमा उपासनेचाच पुढचा भाग असतो. दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना झालेली असते, दिवसभराचा उपवास आणि विदर्भाचं ऊन अंगावर असतं. वधस्तंभाचा प्रसंग आला की आजी डोक्यावर पदर घेतात, हात जोडतात, मोठ्यानं रडतात, मध्येच प्रार्थना सुरू करतात. अशा वेळी कुणाला गप्प बसवू नका. आवाज कमी करा, प्रार्थना पुरी होऊ द्या. आजी रडल्या तर घाबरायचं नाही, हे मुलांच्या कानावर आधीच घालून ठेवा. घाबरल्यामुळे एखादं मूल हसतं. त्याला चारचौघांत रागावू नका, हलकेच बाहेर अंगणात न्या.

काही पाळकांना आणि ज्येष्ठांना प्रभूचं काम नटानं करणंच पटत नाही. बायबलातल्या निर्गम 20:4 मधली मूर्तीविषयीची आज्ञा ते इथेही लागू करतात. त्यांचा आक्षेप जुनाटपणा म्हणून झटकू नका. "आबाजी, पिच्चर लावला तर चालते का जी?" एवढं विचारायलाच हवं.

कॅथलिक घर आणि प्रॉटेस्टंट घर यांतला फरक पडद्यासमोर लगेच कळतो. 2004 च्या 'द पॅशन ऑफ द ख्राईस्ट'मध्ये एक बाई येशूचा रक्ताळलेला चेहरा कापडानं पुसते. क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखाचे चौदा प्रसंग (स्थानं) आठवत करायची प्रार्थना, दरवर्षी करणाऱ्या कॅथलिक आजी तिला चटकन ओळखतात, कारण वेरोनिकाचा प्रसंग सहाव्या स्थानावर आहे. पवित्र शास्त्र पाठ असलेल्या प्रॉटेस्टंट आजी मात्र विचारतात, हे कोणत्या अध्यायात आहे? कोणत्याच नाही, तो परंपरेतून आलाय. हे उत्तर तयार असलं की वाद वाढत नाही.

याच सिनेमात फटक्यांचा प्रसंग कितीतरी मिनिटं चालतो. योहान 19:1 मध्ये त्याला एकच छोटं वाक्य आहे. अमेरिकेत 17 वर्षांखालच्यांनी हा सिनेमा मोठ्यांसोबतच पाहावा असं वर्गीकरण होतं, ब्रिटनमध्ये तर 18 वर्षांखाली मनाईच होती. तुमच्या देशातला नियम गावी आल्यावर बाजूला ठेवू नका. शिवाय संवाद अरामी आणि लॅटिन, खाली उपशीर्षकं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती वाचता येत नाहीत. मिश्र वयाच्या घरासाठी लूकच्या शुभवर्तमानावरचा 1979 चा 'जीझस' कितीतरी बरा. तो मराठीतही आहे, आणि त्यात जन्म, शिकवण, चमत्कार सगळं येतं. लहानांना त्यातलाही वधस्तंभाचा भाग वगळून दाखवा, पण पुनरुत्थानापर्यंत न्या. मरणावरच टीव्ही बंद केला तर मूल तेवढंच घेऊन झोपतं.

किशोरवयीन मुलांशी एक गोष्ट बोलायलाच हवी. शाळेत त्यांचे ज्यू (यहूदी) मित्र असतात, आणि "ज्यूंनी मारलं" असं गावात कुणीतरी सहज बोलून जातं. येशू, मरीया, पेत्र सारे यहूदीच होते, आणि वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती, रोमी सुभेदार पिलाताच्या हुकमानं दिलेली. त्या काळच्या सगळ्या यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर हा दोष टाकता येत नाही, हे व्हॅटिकननं 1965 मध्ये स्पष्ट लिहिलं. मत्तय 27:25 मधल्या "त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या लेकरांवर असो" या जमावाच्या वाक्याचं उपशीर्षक 2004 च्या सिनेमातून वगळलं, तेही याच वादामुळे.

आता टीव्हीचं. पेनड्राईव्ह एफएटी32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर 4 जीबीहून मोठी फाईल जात नाही. चित्र दिसतं आणि आवाज येत नाही, तेव्हा बहुतेकदा त्या टीव्हीला फाईलमधला आवाजाचा प्रकार चालत नसतो. मराठी आवाज दुसऱ्या ट्रॅकवर असू शकतो, तो रिमोटवरून बदलून पाहा. हे सगळं गुरुवारी दिवसा तपासा. अंगणात प्रोजेक्टर लावणार असाल तर पूर्ण अंधार होईस्तोवर थांबा, आणि वीज गेलीच तर पुढे कुठून लावायचं ते मिनिट लिहून ठेवा.

येणं जमलं नाही तर व्हिडीओ कॉलवर स्क्रीन शेअर करू नका, बऱ्याच ॲपमध्ये समोर काळा पडदाच दिसतो. दोन्हीकडे आपापला सिनेमा एकदम सुरू करा आणि कॉल फक्त बोलण्यापुरता ठेवा. एप्रिलमध्ये गावात संध्याकाळी सात म्हणजे लंडनला दुपारचे अडीच, न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ. संपल्यावर कॉल लगेच कापू नका, आजी शेवटची प्रार्थना तुमच्या मुलांची नावं घेऊन करतात.