"सोनोग्राफी करताना डॉक्टर एकदम गप्प झाले"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिले तीन शब्द कानावर आले की पुढचं मला पाठ असतं. डॉक्टर गप्प झाले, मग एमआरआय सांगितला, म्हणजे काहीतरी आहेच आणि मला सांगत नाहीयेत. परवा पुन्हा एकीने हेच विचारलं म्हणून आधीच्या एका केसबद्दल लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

21वा आठवडा. अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये (बाळाचे अवयव नीट घडलेत का ते बघणारी सोनोग्राफी) बाळाच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीची रुंदी 11 मिलिमीटर आलेली, 10 च्या आत असली की नॉर्मल धरतात. तो एक मिलिमीटर आणि एमआरआयची चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे समुपदेशनाला आली. पाच दिवस झोप नाही, मोबाईलवर नको नको ते वाचून झालेलं, आणि नवऱ्याशी अबोला, कारण तो सारखा "काही होत नाही गं" म्हणायचा.

पहिल्या भेटीत मीही तेच केलं, लिहायला लाज वाटते पण केलं. माहिती देत सुटले. एमआरआयमध्ये एक्स-रेसारखी किरणं नसतात, चुंबक असतो, गरोदरपणात रंगाचं इंजेक्शन शक्यतो देत नाहीत, मशीनचा आवाज मोठा असतो म्हणून कानाला लावायला देतात. ती मान हलवत राहिली आणि उठताना म्हणाली, "ते सगळं ठीक आहे हो मॅडम, पण काही नसतं तर सांगितला असता का?"

मी रात्री तिची वाक्यं आठवून लिहून काढली. काहीतरी असणारच. माझंच चुकलं. ते लपवतातच. प्रत्येक वाक्यात एक 'च'. मला कायम वाटतं की माणसाला त्रास रिपोर्टचा कमी आणि या 'च'चा जास्त होतो, आणि इतकी वर्षं हेच काम करून तो मला आता लांबून ऐकू येतो (पहिल्या दिवशी नाही आला, ते सोडा).

दुसऱ्या भेटीत म्हटलं, "एमआरआयची चिठ्ठी आहे जवळ?"

पर्समधून निघाली, चार घड्या घातलेली. तिने ती वाचलीच नव्हती, म्हणजे हिंमतच झाली नव्हती.

"मोठ्याने वाच."

"पोकळी 11 मिमी... बाकी रचना ठीक... कॉर्पस कॅलोसम पूर्ण आहे का..." आणि ती थांबली. (कॉर्पस कॅलोसम म्हणजे मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा पट्टा.) पुढे पेनाने काढलेलं भलंमोठं प्रश्नचिन्ह होतं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

"म्हणजे त्यांनाच माहीत नाहीये?"

"अजून नाही."

"मला वाटलं माहितीये आणि लपवतायत." मग ती रडली, पण ते रडणं वेगळं होतं, खांदे खाली आले होते. मी गप्प बसले, एकदाची!

मला तेव्हा लख्ख कळलं की ती अनिश्चिततेला घाबरलीच नव्हती, आपल्याला फसवलं जातंय या भावनेने ती एकटी पडली होती. नवऱ्याचं "काही होत नाही" आणि माझी माहितीची टकळी तिला त्यातच ढकलत होती.

तर ज्यांना हीच काळजी आहे त्यांच्यासाठी. स्कॅन करणारा गप्प होतो कारण तो मोजत असतो, आणि बाळाचं डोकं अडचणीच्या बाजूला वळलेलं असलं तर जास्तच वेळ गप्प असतो. कवटीच्या हाडामुळे, आईच्या पोटावरच्या चरबीमुळे किंवा बाळाभोवतीचं पाणी कमी असल्यामुळे सोनोग्राफीत काही भाग धूसर दिसतात, तिथे एमआरआयची मदत होते. सोनोग्राफीत मेंदूबद्दल शंका आलेल्या 570 गर्भांचा एक ब्रिटिश अभ्यास 2017 मध्ये आला, त्यात नुसत्या सोनोग्राफीचं निदान 68 टक्के वेळा बरोबर होतं आणि एमआरआय जोडल्यावर 93 टक्के. म्हणजे एमआरआयने शंका खरी ठरते तशी खोटीही ठरते. पोकळी 10 ते 12 मिमी असेल आणि सोबत दुसरं काहीच सापडलं नाही तर 90 टक्क्यांहून जास्त मुलांची वाढ नॉर्मल होते, पण "दुसरं काही नाही" हे म्हणायला कधी इन्फेक्शनच्या तपासण्या लागतात, कधी गर्भजलाची, त्यामुळे तपासण्या वाढल्या म्हणजे आजार वाढला असं धरू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, या तपासणीतून तुम्हाला कशाचं उत्तर हवंय, आणि ते उत्तर आलं तर पुढे काय बदलेल? आणि घरच्यांनो, "काही होत नाही" नका म्हणू हो, सोबत जा आणि बाहेर बसा.

तिच्या एमआरआयमध्ये कॉर्पस कॅलोसम पूर्ण दिसला, पोकळी तेवढीच, 11. ती रिपोर्ट घेऊन आली तेव्हा नवरा बरोबर होता, तो काही बोलायच्या आत हिनेच सांगितलं, "मॅडम, 30 आठवड्यांनंतर परत बघणार आहेत. मेंदूच्या घड्या तेव्हा नीट दिसतात म्हणे, म्हणून. मीच विचारलं."

चिठ्ठी यावेळी फाईलमध्ये होती, सरळ, घडी न घातलेली.